उजव्या खांद्यावरचा दाणा

कुठला डोंगर चढायचा हे देवीला विचारून ठरवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या भिंतीपलीकडे राहत होता. नाना दळवी. कर्जतात त्यांची भातगिरणी होती. डोक्यावर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कायम कोंडा. रस्त्यानं चालले तर मागं बारीक भुगा उडायचा. आठवड्याचे सहा दिवस हा माणूस भात भरडायचा आणि सातव्या दिवशी डोंगर चढायचा. मात्र विचारल्याशिवाय नाही.

मी बदलीवर कर्जतच्या शाळेत आलो तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. बायको-मुलं गावी, साताऱ्याकडं. डोंगरांचं मला काही अप्रूप नव्हतं. आमच्याकडे डोंगर असतात, आम्ही असतो, आणि दोघंही एकमेकांच्या वाटेला जात नाही. पण रविवार खायला उठायचा. अशाच एका शनिवारी संध्याकाळी भिंतीवरून हाक आली, "मास्तर, या जरा. उद्याचं इचारायचं हाय."

गेलो. देवघरात काळ्या दगडाची वीतभर देवी. समोर नाना, अंघोळ करून, हात जोडून. त्यांच्या बायकोनं, काशीवैनींनी, वाटीतल्या पाण्यात तांदळाचे दोन दाणे बुडवले आणि अलगद देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवले. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. कौल म्हणतात याला. इकडं कर्जताच्या भागात लोक लग्नाला, पेरणीला, हरवलेल्या म्हशीला कौल लावतात. डोंगराला लावणारे एकटे नाना.

"आई," नाना म्हणाले, "उद्या इर्शाळला जायाचं म्हनतो. हे मास्तर संगती हायेत. नवं मानूस हाय, पर गुनी दिसतंय. बोल."

मग आम्ही सगळे त्या दाण्यांकडे बघत बसलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. माझा चहा गार झाला. मला हसू यायला लागलं, तोच उजवा दाणा टुपकन पडला आणि नाना असे उजळले, जणू देवीनं त्यांना लग्नाला थेट आपली पोरगीच देऊ केली.

मी विचारलं, "नाना, दाणे वैनी का लावतात? तुम्ही का नाही?"

"माजी बोटं बघा की." त्यांनी हात पुढं केले. गिरणीच्या पट्ट्यानं आणि पोत्यांनी बोटं अशी जाड झाली होती की त्यांत दाणा दिसलाच नसता. "माज्या हातानं लावला तर लावताच पडतोय. आन् दाना अखंड पायजे. कनी चालत नाय आईला."

गिरणीवाल्याची देवी, तिला कणी कशी चालेल!

त्या काळात रविवारी सकाळी मुंबईची पोरं पाठीवर पिशव्या टाकून कर्जतला उतरायची. दोर, बूट, नकाशे. त्यांचा डोंगर उंचीवरून ठरायचा. एकदा चौघंजण गिरणीपाशी पाणी प्यायला थांबले. एकानं वही काढून विचारलं, "काका, इथला सगळ्यात उंच कुठला? आमचे सहा झालेत, अजून चार करायचेत."

"करायचे म्हंजे?" नानांनी विचारलं.

"म्हणजे संपवायचे."

"आरं, डोंगर काय भाकरी हाय का, संपवायला?" नाना चिडले नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "पायथ्याच्या वाडीत इचारलंय का? घरी इचारलंय का?"

"घरी विचारलं तर सोडतील का?" पोरगा हसला.

नाना मात्र हसले नाहीत. "इचारून जावं रं बाबा. इचारून गेलं की परत येता येतं," असं म्हणून त्यांनी चौघांना मूठ-मूठ शेंगदाणे दिले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून हजार वेळा तरी ऐकलं असेल. बाजारात निघालेल्या माणसालाही ते हेच सांगायचे.

माझी स्वतःची डोंगर निवडण्याची रीत सोपी होती. ज्याच्या पायथ्याशी चहा मिळतो तो. पण नानांच्या देवीपुढं माझं काय चालणार! तिच्या हुकमानं मी इर्शाळगडाच्या नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात, बसलो, कोंडाण्याची लेणी बघून राजमाचीची चढण चढलो, सोंडाईला तर इतक्यांदा गेलो की तिथली माकडं मला ओळखायला लागली. एकच डोंगर लागोपाठ दोनदा विचारायचा नाही, हा नानांचा आणखी एक नियम. "पावन्यानं किती येळा जायाचं? वाईट दिसतं."

पायथ्याला पोचलं की नाना वहाणा काढून हातात घ्यायचे, वाकून मातीला हात लावायचे आणि म्हणायचे, "आलो रं." शेजारच्या घरी गेल्यासारखं. पहिल्यांदा मी थट्टा केली. मग एका थंडीत आम्ही पेठच्या किल्ल्यावर गेलो. तिथं माथ्याचा सुळका आतून कोरलाय, त्याच्या पोटातून पायऱ्या वर जातात. त्या पायऱ्या चढून मी उजेडात आलो आणि माझं तोंड बंद झालं. शाळामास्तराचं तोंड बंद होणं म्हणजे काय, हे त्याच्या बायकोला विचारावं. समोर सह्याद्रीची भिंतच्या भिंत. एवढी मोठी वस्तू रोज तिथं उभी असते आणि आपण खाली हजेरीपट भरत बसतो! मी गुपचूप वहाणा काढल्या. नानांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या दिवसापासून थट्टा बंद.

पण या सगळ्या डोंगरांपलीकडे नानांचा एक डोंगर होता. पदर.

भीमाशंकरच्या कड्याच्या कुशीत, खांडसच्या वर, पदर उभा आहे. बाकीचे गड कसे पसरून बसलेले असतात, हा नुसता उठलेला. माथ्यावर दगडाचे सुळके. वर जायला कातळात एक उभी चीर आहे. तिच्यात एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला पाय टेकून सरकत जायचं. खाली बघायचं नाही.

नाना बारा वर्षांचे असताना बापाबरोबर खांडसला भात आणायला गेले होते. गाडीचं चाक मोडलं. "बाप दिसभर चाकाकडं बघत व्हता, आन् मी वर बघत व्हतो," नाना सांगायचे. "ढग आला, त्याच्या कमरंला अडला. वरचं टोक निस्तं हवेत. मास्तर, मी तवाच म्हनलं, एकदा तितं हुबं ऱ्हायाचं. मंग मेलो तरी चालंल."

हे शेवटचं वाक्य ते वैनींसमोर बोलत नसत.

दर वर्षी भाताची गर्दी ओसरली की माघातल्या पहिल्या शनिवारी नाना पदराचा कौल लावायचे. त्या दिवशी दाढी करायचे. धुतलेला सदरा घालायचे. "आई, पदर. बोल." एवढंच. आणि दर वर्षी डावा दाणा पडायचा. मी आल्यापासून अकरा वेळा पाहिलं. कधी पाच मिनिटांत पडला, कधी पाऊण तास लागला, पण पडला तो डावाच. नानांचा चेहरा त्या क्षणी मला बघवायचा नाही. ते खाली पडलेला दाणा उचलायचे, कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "नको म्हनती. ऱ्हायलं." त्या रात्री वैनी भातावर नेहमीपेक्षा जास्त तूप वाढायच्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तरीही कशेळ्याची बस पकडायचो आणि तिथून मिळेल त्या गाडीनं, नाहीतर पायी, खांडस गाठायचो. नुसतं बघायला. पायथ्याच्या ठाकरवाडीतला हिरू नानांचा जुना दोस्त. तो मधासाठी त्या कातळावर सहज वर-खाली करायचा. तो दर वर्षी म्हणायचा, "चल की दादा, मी नेतो. दोर नाय लागत."

"आईचा हुकूम नाय रं," नाना सांगायचे आणि एका दगडावर बसून दिवसभर वर बघायचे. मीही बघायचो. खरं सांगतो, तिथं बसून मला देवाची भीती पहिल्यांदा वाटली, आणि ती बरी वाटली.

बाराव्या वर्षी मी घोटाळा केला. शनिवारी लवकर गेलो. नाना अंघोळीला गेले होते. देवघरात वैनी एकट्या, आणि त्यांच्यापुढं एक नाही, दोन वाट्या. एकीत साधं पाणी, दुसरीत पिवळसर काहीतरी. उजव्या खांद्याचा दाणा त्यांनी त्या दुसऱ्या वाटीत बुडवला. मला गुळाचा वास आला.

वैनींनी वळून पाहिलं. दचकल्या, पण बोटावरचा दाणा पडला नाही. कसा पडेल, गुळाच्या पाकात होता!

"भावजी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमाला तुमच्या पोरांची शपथ हाय."

"वैनी, अहो, देवीशी लबाडी?"

"देवीची मी माफी मागते रोज. ती बाई हाय, तिला कळतं." डोळे भरले होते, पण आवाज नाही हलला. "आमाला ना पोर ना बाळ. ह्ये वरून पडले तर मी कुनाला ताट वाढू? तोंडानं नको म्हनलं तर ऐकायचे नायत. आईचं ऐकतात."

बाहेर नानांच्या वहाणा वाजल्या. मी बाजूला झालो. नानांनी हात जोडले, "आई, पदर. बोल." डावा दाणा पडला. नाना म्हणाले, "नको म्हनती." आणि मी, मुलांना 'सदा सत्य बोलावे' लिहायला लावणारा मास्तर, गप्प बसून तूपभात जेवलो. त्यानंतर आठ वर्षं असाच जेवलो. एका माणसाचा जन्माचा हट्ट चमचाभर गुळानं अडवलेला, आणि ते मला ठाऊक!

मग एका श्रावणात काशीवैनी गेल्या. चार दिवसांचा ताप, बस. नाना रडले नाहीत. गिरणी सुरू ठेवली. पण पुढच्या रविवारी डोंगर नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सहा महिने ते कुठंही गेले नाहीत. अंगावरचा कोंडाही झटकायचे नाहीत. मला वाटलं, आता माणूस खचला.

माघ लागला. शनिवारी संध्याकाळी भिंतीवरून हाक आली, "मास्तर, या. इचारायचं हाय."

मी ठरवूनच गेलो. आज सांगून टाकायचं. शपथ घालणारी गेली, आणि हा माणूस साठीला आला. अजून गुडघे धड आहेत, हिरू आहे, यंदा नाही तर कधीच नाही. उंबऱ्यातूनच सुरुवात केली, "नाना, आधी माझं ऐका. तो कौल..."

आणि थांबलो. नाना देवीपुढं बसले होते. दाढी केलेली, सदरा धुतलेला. पुढं दोन वाट्या. त्या जाड बोटांनी ते गुळाचा खडा पाण्यात विरघळवत होते.

"नाना," मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"रयवारी सकाळी देवीला अंगूळ कोन घालतं? मीच ना?" ते वर न बघता म्हणाले. "पदराचं इचारलं की दुसऱ्या दिशी देवीच्या उजव्या खांद्यावं मुंग्या. दर साली. निस्त्या पान्याला मुंग्या येत्यात व्हय, मास्तर? पयल्या सालीच कळलं मला."

"मग गेला का नाहीत?"

नानांनी आणखी एक खडा वाटीत टाकला. "तोंडानं नको म्हनली आसती, तर भांडून गेलो आसतो. पर ती बोलली नाय. देवीला मधी घातलन् बिचारीनं. देवाला एवढी भ्यायची ती. आन् माज्यापायी देवीसंगं खोटं वागली." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. आता ते रडत होते, अगदी उघड. "कुनी एवढं नको म्हनल्याव मानूस जाईल का, मास्तर?"

वीस वर्षं मी समजत होतो की त्या घरात पदर न चढलेला एक साधाभोळा माणूस राहतो. त्या साध्याभोळ्या माणसानं रोज त्याहून उभा कातळ चढला होता, आणि मला भिंतीपलीकडून पत्ता नव्हता.

साध्या पाण्यातला दाणा त्यांनी डाव्या खांद्यावर लावला. लगेच पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मी पुढं होऊन लावून दिला. उजवा मात्र त्यांनी स्वतःच लावला. गुळाच्या पाकात भरपूर बुडवून, अंगठ्यानं दाबून. मग हात जोडले. "आई, पदर. बोल."

डावा दाणा पडला. नानांनी तो उचलून कपाळाला लावला.

सकाळी कशेळ्याच्या बसच्या आधी मी त्यांना बोलवायला गेलो. देवीची पूजा झाली होती, ताजं फूल वाहिलेलं होतं, पण अंघोळ घातली नव्हती. उजव्या खांद्यावर दाणा होता तिथंच होता, आणि देव्हाऱ्याच्या खाचेतून मुंग्यांची बारीक रांग त्याच्याकडे निघाली होती.

नाना त्या रांगेकडे बघत उभे होते.

"आल्या बगा," ते म्हणाले. "चला, बस चुकंल."