सिद्धारामअण्णांचा पहिला क्लायंट

प्रथम माफी मागतो. कॉलेजात गेलेला मी आमच्या घरातला पहिलाच. त्याआधी घरातलं सगळ्यात लांब लिखाण म्हणजे रेशनकार्डाचा अर्ज, आणि तोही दुसऱ्याने लिहून दिलेला. जिवंत माणसावर लिहायचा मला काय अधिकार? पण माझे घरमालक सिद्धारामअण्णा यांच्यावर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, आणि त्यांना प्रसिद्धीची फार हौस.

अण्णा बोलायला लागले की दोन्ही हात झटकून हवेत चादर उलगडतात. बावीस वर्षं चादरीच्या दुकानात काढल्यावर दुसरं काय होणार? तिथे ते गिऱ्हाइकापुढे सोळा-सोळा चादरी पसरायचे. "घेऊ नका, बघा तर!" मग मोबाइलवर तीन दिवसांचा कोर्स केला, नोकरी सोडली आणि ते लाइफ कोच झाले. सात रस्ता चौकामागच्या गल्लीतल्या घरावर पाटी लागली: 'वेळ घेऊन भेटा.' वेळ कोणी घेईना. गॅसवाला तेवढा येई, तोही न विचारता.

धंद्याची रीत मात्र जुनीच. "तुमचा प्रॉब्लेम काढा. घेऊ नका, बघा तर!" ज्याला प्रॉब्लेम नसे, त्याला अण्णा स्वतःच दोन-तीन उलगडून दाखवत. शेजारचे काका साखर आणायला निघाले होते, ते बालपणातली भीती घेऊन परतले. साखर राहिली.

मला जिन्यातच गाठायचे.

"पाच वर्षांनी तू कुटं असशील?"

"अण्णा, आत्ता लेक्चर हाय."

"बघ, हीच तुझी मर्यादा हाय की!"

त्या मर्यादेवर ते वीस मिनिटं बोलायचे आणि माझं लेक्चर बुडायचं. आतून अण्णांच्या बायकोचा, अक्कांचा, कानडी आवाज यायचा, "सुम्मनिर्री!" म्हणजे गप्प बसा. घरातला खरा सल्ला तेवढाच होता.

अण्णांच्या थोरल्या भावाची बार्शीला भुसार मालाची आडत आहे. आमच्या शेतातला उडीद विकायला तिथेच जातो, आणि मला ही खोली मिळाली तीही त्याच ओळखीने. त्या भावाने फोनवर बजावलं, "दिवाळीपतूर एक तरी गिऱ्हाईक आण. न्हायतर गुमान आडतीवर येऊन बस."

"गिऱ्हाईक न्हाय, क्लायंट म्हण," अण्णा म्हणाले. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांचे हात मांडीवरच राहिले.

आता आपण लोकांना दिसायलाच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. कोर्समध्ये सांगितलं होतं की काळा-पांढरा फोटो भारदस्त दिसतो. अण्णांनी तसा काढला, हात जोडून. फ्लेक्सवाल्याने सवयीने भोवती झेंडूची किनार टाकली. खाली ओळ अण्णांची स्वतःची: 'मी सदैव तुमच्यासोबत आहे.' बोर्ड पहाटे चौकात लागला. दहा वाजेपर्यंत त्याला कोणी हार घातला होता आणि खाली उदबत्त्या जळत होत्या.

घरी माणसांची रीघ लागली. अक्का दारात उभ्या राहून एकेकाला सांगत होत्या, "हायत की जिवंत. आलाय तर चहा घ्या." दिवसभरात चाळीसेक फोन आले. सगळे अक्कांना.

अण्णा चिडतील असं मला वाटलं. पण तोंडाला टॉवेल गुंडाळून ते चौकात निघाले, सोबत मला घेतलं. लोक आपल्याबद्दल काय बोलतात ते त्यांना ऐकायचं होतं. चादरीच्या दुकानातले त्यांचे दोन जुने सोबती बोर्डापुढे उभे होते.

"लई चांगला माणूस व्हता."

"व्हय. माझी पोरगी दवाखान्यात व्हती तवा तिचं सांगाया गेलो, तर ह्यानं मलाच तासभर सांगितलं. मी तसाच माघारी आलो."

अण्णांनी टॉवेल आणखी वर ओढला. घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. खरं सांगतो, मला ती शांतता बरी वाटली. दुसऱ्या दिवशी मी सगळा किस्सा कॅन्टीनमध्ये टॉवेल गुंडाळून, नक्कल करून सांगितला. पोरं खूप हसली.

दिवाळी झाली. क्लायंट आला नाही. अण्णा एका पिशवीत कपडे घेऊन बार्शीला गेले. जाताना जिन्यात भेटले. मी लेक्चरचं कारण तयार ठेवलं होतं, पण त्यांनी नुसतं विचारलं, "जेवलास का?" आणि माझं उत्तर पुरं होईपर्यंत थांबले.

मागच्या आठवड्यात मी गावी, माढ्याकडे गेलो होतो. मी शिकायला लागल्यापासून दादा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी दोनच वाक्यं बोलायचे: "आलास?" आणि "कधी जाणार?" या वेळी ते माझ्याजवळ येऊन बसले. "तितं तुमाला शिकवतेत काय, सांग की." मी अडखळत समाजशास्त्र सांगितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण ते उठले नाहीत.

मी चुलीपाशी जाऊन आईला विचारलं, "दादांना झालंय काय?"

"उडीद घालाया बार्शीला गेले व्हते," ती म्हणाली. "आडतीवर तुझे मालक बसलेले. ह्यांनी त्यास्नी इचारलं, पोरगं शिकलं, आता त्याच्यासंगं काय बोलू? मला भ्या वाटतं."

"मग अण्णा किती वेळ बोलले?"

"कुटलं बोलत्यात! निसतं ऐकून घेतलं, तासभर. शेवटी म्हनाले, त्यालाच इचारा की."

आईने तव्यावरची भाकरी उलटली.

"उडीद कवाच संपला," ती म्हणाली. "तरी दर बाजाराला बार्शीला जात्यात."