सात इंचांचं अतिक्रमण

आमच्या शेजारचे सरपोतदारकाका डावं-उजवं मानत नाहीत. ती म्हणे माणसानं स्वतःची करून घेतलेली सोय आहे. खऱ्या फक्त दिशा. जेवायला बोलावलं तर 'लोणचं जरा पश्चिमेला सरकवा' म्हणतात. एकदा मी ऑफिसला निघालो असताना त्यांनी मला फाटकात अडवलं आणि म्हणाले, "कुलकर्णी, तुमच्या शर्टाचं ईशान्येचं बटण तुटलंय." मी सूर्य कुठं आहे ते शोधेपर्यंत बस गेली.

दातांच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, "कुठली दाढ दुखते?"

"सध्या नैर्ऋत्येची. तुम्ही ही खुर्ची फिरवलीत तर मग मला पुन्हा सांगावं लागेल."

परत येताना रिक्षावाल्याला त्यांनी पुढच्या चौकातून आग्नेयेला घ्यायला सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "काका, लेफ्ट का राईट, तेवढं बोला ना." काका म्हणाले, "तुम्ही कुठून येताय त्यावर ते अवलंबून आहे." तो म्हणाला, "तुमच्याच बरोबर येतोय की दवाखान्यापासून." शेवटी मी हातानं दाखवलं आणि आम्ही कात्रजला घरी पोचलो.

काका मोजणीदार होते. सगळी नोकरी त्यांनी गावोगावच्या जमिनी मोजण्यात घालवली. भावाभावांची भांडणं, सरकलेले बांध, रात्रीतून नाहीसे झालेले हद्दीचे दगड, हे सगळं पाहून त्यांचा माणसाच्या बोलण्यावरचा विश्वास पार उडाला आणि फितीवरचा वाढला. "मोजा, मग बोला" हे त्यांचं पालुपद. खिशात पोलादी टेप कायम. माझी बायको एकदा सहज म्हणाली, की यंदा मेथीची जुडी लहान आलीय, तर त्यांनी जुडीचा घेर घेतला आणि गेल्या वर्षीचा आकडा मागितला. सोसायटीच्या सभेला ते आले की अध्यक्ष आपोआप कमी बोलतात.

या माणसाशी इंदूकाकूंनी पंचेचाळीस वर्षं संसार केला, तोही कुठल्याही दिशेला न बघता. काकांनी "चष्मा दक्षिणेच्या फळीवर आहे" म्हटलं, की काकू म्हणायच्या, "म्हणजे सापडत नाहीये, असंच ना?" आणि उशीखालून काढून द्यायच्या. आमची दोन रो-हाउसेस एकमेकांना चिकटून आहेत, त्यामुळे हा कार्यक्रम आम्हाला रोज फुकट ऐकायला मिळायचा.

गेल्या चैत्रात काकू न्हाणीघरात पडल्या आणि हा कार्यक्रम बंद झाला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता चाला. काकू वॉकर घेऊन चार दिवस चालल्या, पाचव्या दिवशी तोल गेला. पडल्या नाहीत, काकांनी धरलं. पण भीती जी बसली ती बसलीच. मग त्या पलंगावरून उठेनाशा झाल्या. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यांनी सांगितलं, "आता उठून मला कुठं जायचंय?" आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. वॉकरवर टॉवेल वाळत पडायला लागला. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की पावसाळा संपेपर्यंत चालल्या नाहीत, तर पुढं चालणं अवघड होईल.

आता झाडाबद्दल. काकूंचं एक सीताफळ होतं. तीन वर्षांपूर्वी सासवडची सीताफळं खाऊन त्यांनी बिया मागच्या अंगणात, आमच्या दोघांच्या मधल्या, अंदाजानं ओढलेल्या तारेजवळ मातीत खोचल्या होत्या. एक उगवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते झाड समोर दिसायचं आणि भांडी घासता घासता काकू त्याच्याशी बोलायच्या. ते आता माझ्या खांद्याएवढं झालं होतं. काकूंचा पलंग मात्र पुढच्या खोलीत हलवलेला होता.

जूनमध्ये एका रविवारी काका एक कागद घेऊन माझ्याकडे आले. रंगीत पेन्सिलींनी काढलेला नकाशा, खाली माझ्या सहीसाठी जागा.

"कुलकर्णी, आमच्या सीताफळानं तुमच्या हद्दीत सात इंच अतिक्रमण केलेलं आहे."

मी म्हटलं, "काका, करू द्या. मला चालतं."

"तुम्हाला चालतं म्हणून हद्द सरकत नाही. झाड हलवावं लागेल. पुढच्या अंगणात."

"पुढं कशाला? एक फूट तुमच्या बाजूला घ्या की."

"मागे निचरा नाही," ते म्हणाले आणि पेन पुढं केलं. त्यांच्या मोजणीवर शंका घ्यायची म्हणजे पंचांगावर घेण्यासारखं. मी सही केली. बायको म्हणाली, "घरात काय चाललंय आणि या माणसाला सात इंच सुचतात." मलाही तसंच वाटलं. राग आला होता, हे कबूल करतो.

सीताफळाचं मूळ खोल जातं. वाढलेलं झाड हलवलं तर जगेलच असं नाही. काकांनी महिनाभर आधी झाडाभोवती गोल चर खणला आणि एकेका बाजूची मुळं आठवड्याच्या अंतरानं कापली, म्हणजे आतल्या मातीत नवीन बारीक मुळं धरतात. बुंध्याच्या उत्तरेला चुन्याचा ठिपका लावला. का, तर ज्या बाजूला आजवर ऊन लागलेलं नाही, ती नव्या जागीही उत्तरेलाच यायला हवी, नाहीतर साल भाजते. मला खोटं वाटलं म्हणून रोपवाटिकेत विचारलं, तर तिथल्या माणसानंही मान डोलावली. काकांच्या दिशा आयुष्यात एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडल्या, याचं मला बरं वाटलं.

आषाढात दोन दिवस उघडीप मिळाली तेव्हा आम्ही झाड काढलं. मातीचा गड्डा गोणपाटात बांधला आणि दोघांनी मिळून घराला वळसा घालून पुढं नेला. माझी कंबर तेव्हापासून बोलते आहे. नव्या खड्ड्यापाशी काकांनी मला पाऊण तास गड्डा धरून उभं केलं. "दोन इंच पूर्वेला. आता अर्धा पश्चिमेला." मग घरात जायचे, बाहेर यायचे, पुन्हा टेप लावायचे. अर्धी पानं आधीच छाटली होती. उरलेली आठ दिवसांत गळली. काकांनी वरून जुनी साडी बांधून सावली केली, पण ती काठी काठीच राहिली.

काकूंचा आवाज तीन महिन्यांनी पहिल्यांदा आमच्या घरापर्यंत आला तो त्या आठवड्यात. "मारलंत ना शेवटी. मोजून मोजून मारलंत."

काकांनी साडीची सुटलेली गाठ पुन्हा बांधली.

श्रावण लागला तेव्हा आमची मधली तार पावसानं झोपली. नवीन खांब रोवायचे म्हणून मी दोन घरांमधल्या भिंतीपासून मागच्या हद्दीच्या दगडापर्यंत दोरी ताणली. सीताफळाचा जुना खड्डा अजून तसाच होता. दोरी त्याच्या अंगावरून जायला हवी होती. ती दोन फूट माझ्या बाजूनं गेली. मी पुन्हा ताणली, टेप आणून मोजलं. झाड पहिल्यापासून त्यांच्याच जमिनीत होतं, चांगलं ऐसपैस.

मी तावातावानं पुढच्या अंगणात गेलो. काका पायरीवर बसून त्या काठीकडे बघत होते.

"काका, मोजलं मी. एक इंचसुद्धा अतिक्रमण नव्हतं."

त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं. मग मला खूण करून फाटकापर्यंत नेलं.

"हळू बोला. तिच्यासाठी हलवतोय म्हटलं असतं, तर तिनं हात लावू दिला नसता. 'माझ्या पायापायी झाडाला कशाला मारता' म्हणाली असती. तुमच्या हद्दीचं कारण सांगितल्यावर गप्प बसली. दुसऱ्याची जमीन म्हटलं की ती ऐकते."

"पण काकूंना तर नुसती काठी दिसते."

"काठीचा वरचा चौदा इंच भाग दिसतो, आडवं पडल्यावर. उठून बसलं तर निम्मं झाड. बुंध्यापर्यंत बघायचं असेल तर खिडकीत यावं लागतं. पलंगापासून खिडकी पाच पावलं. तसंच मोजून लावलंय."

जन्मभर जो माणूस अर्ध्या इंचासाठी सख्ख्या भावांना समोरासमोर उभं करत होता, त्यानं सात इंच मनानं रचले होते आणि वर माझी सही घेतली होती. माझा सगळा राग ओसरला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मी विचारलं, "आणि झाड मेलं तर?"

काकांनी टेप खिशातून काढला, बाहेर ओढला, सोडून दिला. "त्याचं माप माझ्याकडे नाही," म्हणाले.

त्या दिवसापासून सकाळी ऑफिसला जाताना मीही त्या काठीकडे बघायला लागलो. काका रोज नखानं सालीचा एक कण खरवडून आत हिरवं आहे का बघायचे आणि खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं सांगायचे, "आहे." चौथ्या की पाचव्या दिवशी आतून आवाज आला, "रोज नख लावलंत तर असलेलंही जाईल." काकांनी खरवडणं बंद केलं. त्याच सुमारास व्यायामाच्या बाई मला फाटकात भेटल्या आणि म्हणाल्या, की काकू आता उशी लावून बसतात.

गणपतीच्या आदल्या शनिवारी मी पुढच्या अंगणातल्या खांबांना तार बांधत होतो. काका झाडावरची साडी सोडून भोवतीचं गवत काढत होते. एकदम हातातलं खुरपं खाली ठेवून ते वाकले. बुंध्याला, जमिनीपासून वीतभर वर, फूट आली होती. दोन पानं, गव्हाच्या दाण्याएवढी.

"अगं, फुटलंय," ते म्हणाले.

"गवत असेल," आतून आवाज आला. "तुम्हाला गवत आणि पानं कधी कळलीत?"

काका गुडघे टेकून तिथंच बसले. मीही तार सोडून उभा राहिलो. आत पलंग करकरला. मग वॉकरचा फरशीवरचा आवाज, एक. काकांनी उठायला हात टेकला आणि तसाच काढून घेतला. पुन्हा आवाज. मध्ये एवढं अंतर, की मला वाटलं परत फिरल्या.

खिडकीच्या गजांवर आधी बोटं दिसली, मग काकू. केस विस्कटलेले, कपाळावर घाम. त्यांनी गज घट्ट धरले आणि वाकून खाली पाहिलं. पाहतच राहिल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बुडाशी पाणी साचलंय. कुजवायचंय का त्याला? काढा ते आधी."

"काढतो," काका म्हणाले. खुरपं जमिनीवर होतं, त्यांनी ते उचललं नाही. चिखलात गुडघे टेकून ते खिडकीकडे बघत होते. "काढतो. तू थांब जरा तिथंच."