निंबोल्यात काटा हलेना

संगणक म्हणत होता, रेडिओ लहरी निंबोल्याला जातील. लहरी जात होत्या शाहपूरकडे. दोन गावं दोन दिशांना, त्यामुळे तडजोडीला जागा नव्हती.

विनायक बऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा, तेही कच्च्या नोकरीवर. पीएच.डी. झाली तरच नोकरी पक्की होणार होती, आणि ती अडली होती घराच्या गच्चीवर ओळीने उभ्या केलेल्या चार अँटेनांपाशी. संगणकाचा अंदाज आणि प्रत्यक्ष मोजमाप जुळलं, की इंदूरचे त्याचे मार्गदर्शक मधुकरसर प्रबंधावर सही करणार होते. रोज सकाळी विनायक गच्चीवरचं यंत्र चालू करायचा, मीटर लुनाला बांधायचा, शाहपूरला काटा जोरात हलतो हे पाहायचा आणि निंबोल्याला बायकोच्या मामाच्या केळीच्या मळ्यात जाऊन बसायचा. तो फाटकाबाहेर पडला, की त्याची बायको शोभा धुण्याची बादली घेऊन वर जायची.

"काय म्हने कंप्युटर, जावईबापू?" दगामामा विचारायचे.

"इथंच सगळ्यात जोरात यायला पाहिजे म्हणतो."

"काटा तर हलूनच नही राहिला. एकदा त्यालेच घेऊन या इथं. पाहू द्या त्याले."

विनायकची अन्नावरची वासना उडाली. आपण जन्मभर कच्चेच राहणार, असं त्याला वाटू लागलं. मोजमाप काही खोटं बोलणार नाही, म्हणजे चूक संगणकाचीच. त्याने संगणकात ओली जमीन घातली, शेजाऱ्यांची पत्र्याची छपरं घातली, असीरगडचा डोंगर घातला, शेवटी मामांची केळीही घातली. संगणक बधेना. मग मात्र त्याने लाज सोडली आणि आकडे असे पिळले, की संगणकाने निमूटपणे शाहपूरकडे तोंड केलं. जुना हिशेब डोळ्यांसमोर नको म्हणून त्याने पुसूनच टाकला.

मधुकरसर आले त्या दिवशी यंत्र चालू करून तो त्यांना स्टेशनवरून थेट मळ्यात घेऊन गेला.

"इथं काही मिळणार नाही, सर," तो खात्रीने म्हणाला आणि त्याने मीटर लावलं. काटा टोकाला जाऊन थडकला.

"हलला बुवा," मामा आनंदाने म्हणाले.

सरांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा विनायकच्या कागदांकडे. "साध्या हिशेबाने असंच यायला हवं. तो केला नव्हता?"

"केला होता, सर. पुसला."

घरी शोभाने सरांना आग्रहाने मांडे वाढले. विनायक ताटावरून उठला. तो पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आला, तेव्हा ती कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली, "सर येणार म्हणून गच्ची एकदम साफ ठेवली हं. तुमच्या अँटेनांच्या खांबांना रोज लोखंडी तार ताणते ना कपड्यांसाठी, ती पण आज नाही बांधली. तशी तुम्ही यायच्या आधी काढूनच ठेवते मी. तुम्हाला फालतू परेशानी नको."

म्हणजे लहरी शाहपूरकडे वळवत होती ती तारच, आणि पुसलेला हिशेब बरोबर होता, हे विनायकला कळलं. बाहेरून सरांचा आवाज आला, "विनायकराव, उद्या सकाळी पुन्हा एकदा मोजू. तुमच्या कागदांशी जुळलं, तर सही करूनच जातो."

त्याने एकदा बाहेर डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "शोभा, उद्या तारेवर धुणं घालशील ना?"

"पाहुणे असताना?"

"त्यांचंही घे."