फरासीस रथाने राणीसरकारांस माहेरी नेले ते वर्तमान

श्री. गणरायास दूर्वा, शारदेस जाईचे फूल, ऐकणारास सुपारीचे खांड. शके १९२६, तारणनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी जे घडले ते, दिसले तितके लिहिले आणि उमगले नाही ते उमगले नाही म्हणोन लिहिले. राज्याचे नांव लिहावयाची आज्ञा नाही. राज्य लहान, नदी एक, घाट एक, आणि रस्ता म्हणावा तर रस्ता, एरवी खड्ड्यांचीच माळ. महाराज मर्जीचे मऊ. राणीसरकार गोजराबाईसाहेब यांस पाठीचे दुखणे नऊ वर्षांचे, आणि वैद्यांनी सांगितले होते की एक जबर धक्का बसला तर पाय जातील, मग उठणे नाही. सबब नऊ वर्षे बाईसाहेब माहेरी गेल्या नव्हत्या. माहेर चौदा कोस. पालखीने न्यावे तर भोई राहिले नाहीत, जे होते ते सारे जीप चालवू लागले; आणि जीपने न्यावे तर तीत धडधाकट माणसाचेही दात जागचे हलतात. ऐसे चालले होते.

तो दरबारी जो फरासिसांचा, म्हणजे फ्रेंचांचा, वकील बारा वर्षे होता त्याची मुदत सरली आणि तो आपले मुलखी निघाला, आणि त्याने आपला जुना रथ विकावयास काढिला, तर कोणी घेईना. सरदार म्हणती, आम्हांस जपानी रथ बरे, ते न बोलता चालतात आणि आजारी पडत नाहीत. मग वकिलाने तो रथ हुजुरास नजर केला, आणि निघते समयी रथाच्या लांब नाकाडावर हात ठेवोन रडला. लोकांनी विचारिले, साहेब, ऐसा लळा होता तर ठेवावयाचा होता. तो बोलिला, "लळा आहे म्हणूनच जवळ ठेवण्याची छाती होत नाही." याचा अर्थ दरबारी कोणास लागला नाही, आजवर लागला नाही.

आता रथाचे रूप कैसे, तर पुढे मगरीसारखे लांब आणि मागे निमुळते, आणि मागील चाके पत्र्याच्या पदराआड अर्धी झाकलेली, जैसी नवी नवरी पाय झाकून बसते. फिरवावयाचे चक्र डावे बाजूस आणि त्यास दांडी एकच. वेग दाखवावयास काटा नाही, आकडेच आतल्या आत लाटण्यासारखे फिरती. आणि पुढील दिवे ऐसे की, रथ वळावयाच्या आधी तेच वळून पाहती की पलीकडे कोण आहे. गादी म्हणावी तर सावरीचा कापूस. कळा बहुत, आणि कोणत्या कळीने काय होते ते एकास एक सांगे आणि दुसऱ्यास दुसरे घडे. महाराजांनी वारा यावा म्हणोन कळ दाबली, तर काचेवर पाणी उडाले. प्रधान विसोपंत म्हणाले, "सरकार, हे यंत्र नव्हे, हा कोणाचा तरी स्वभाव आहे."

मग निघण्याआधी वकिलाने यंत्र शेवटचे म्हणोन बंद केले, तो रथाने दीर्घ उसासा टाकिला आणि आधी पुढून, मग मागून, हळूहळू खाली बसला, जैसा उंट बसतो. दरबार थक्क जाहला. चोपदार ओरडला, "रथाने मुजरा केला!" आणि महाराजांनी संतोष पावोन त्याचे नाकाडावर शेला घातला.

मग महाराज चक्र हाती घेऊन बसले, आणि विसोपंत शेजारी बसले, तो डावे बाजूस महाराज आणि उजवे बाजूस पंत. पंत म्हणाले, "आमच्या घराण्यात सात पिढ्या हुजुराच्या उजवीकडे कोणी बसले नाही." महाराज म्हणाले, "पंत, मग मांडीवर बसता?" आणि रथ निघाला, आणि चालला म्हणावे तर आवाज नाही, तरंगला म्हणावे तर पाणी नाही. पुढे बैल आडवा आला आणि महाराजांनी पायाखालची कळ जरा दाबली, तो रथ जागच्या जागी ऐसा थांबला की पंतांची पगडी काचेवर आपटली आणि तिच्यामागे पंतही. ते दिवसापासून पंतांनी रथाचे नांव टाकले; "ते" म्हणत. "ते आज उठले काय?" ऐसे विचारीत. बहुतेक दिवशी ते उठत नसे.

कारण रथ सुंदर आणि दुखणाईत, दोन्ही. त्याचे अंतरी नळ्यांची जाळी, आणि त्या नळ्यांतून कैरीच्या रंगाचे हिरवे तेल फिरे, तेच त्यास उभे करी, तेच थांबवी, तेच वळवी. चार चाकांशी नारळाएवढे चार लोखंडी गोळे, त्यांत वारा कोंडलेला. एक नळी फुटली की सारा रथ जमिनीशी. राज्यातील मिस्त्र्यांनी कानावर हात ठेविले. शेवटी बाबाजान म्हणोन वृद्ध, जो भजनी मंडळांच्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करी, तो आला आणि रथाखाली निजला आणि अर्धा प्रहर निजलाच राहिला. लोक म्हणाले झोप लागली. मग आतून शब्द आला, "सरकार, हिला चाकं वरवर आहेत, आत भाताच आहे. ही पेटीच की. श्वास सांभाळला तर गाईल." तेव्हांपासोन रथ बाबाजानाचे हाती राहिला, चार दिवस गाई आणि दहा दिवस बसून राही.

ऐसे एका गाणाऱ्या दिवशी राणीसरकारांनी म्हटले, मला जरा बसून पाहू द्या. महाराज नको नको म्हणत असता बसल्या, आणि महाराजांनी रथ हळूच खड्ड्यांवरून नेला आणि भीत भीत विचारिले, "दुखले का?" बाईसाहेबांनी पदर डोळ्यांस लाविला. महाराज घाबरले. मग पाहतात तो बाईसाहेबांचे डोळ्यांस धार. "काही दुखत नाही हो," म्हणाल्या, "नऊ वर्षांनी काहीच दुखत नाही. हा रस्ता कोणी बदलला?"

तेच आठवड्यात माहेराहून सांगावा आला. बाईसाहेबांची वडील बहीण अनसाबाई, गुडघे धरलेले, उंबरा ओलांडवत नाही, आणि डोळ्यांचा उजेड मावळत चाललेला. सांगावा ऐसा: "वैद्य डोळ्यांस फाल्गुनाची मुदत देतात. माणसे आता हातभर अंतरावरून, दुपारच्या उन्हातच दिसतात. गोजरे, तुझे तोंड एकदा बघू दे, मग काळोख झाला तरी चालेल." बाईसाहेबांनी सांगावा ऐकिला आणि ओवी गुणगुणू लागल्या:

माझ्या माहेराची वाट, काट्याकुट्याची दगडाची
तिला साखर गं केली, हाक वडील बहिणीची

आणि महाराजांनी कूच ठरविले.

परंतु मध्ये घोळ जाहला तो ऐसा. या राज्यी चाल आहे की, हुजुरास जो मुजरा करील त्याने तितका वाकोन दुसऱ्या कोणास मुजरा करू नये. आणि बाबाजान रथ फिरवून पाहात असता कुंभारवाड्यात पाणी प्यावयास थांबला आणि यंत्र बंद केले, तो रथ एका कुंभारणीचे दारापुढे यथासांग खाली बसला. बोभाटा जाहला. विसोपंतांनी दरबारी प्रश्न मांडिला, की हा मुजरा कोणास? कुंभारणीस असेल तर रथ अपराधी. आणि अपराधी नसेल तर हुजुरास केला तोही मुजरा नव्हे, मग शेला परत घ्यावा काय? शास्त्री बोलाविले, ते दोन दिवस वाद करून आधीपेक्षा अधिक गोंधळले. एक म्हणाले, मातीस मुजरा केला. दुसरे म्हणाले, थकला म्हणोन बसला. बाबाजान हात जोडोन म्हणाला, "पंत, तेल खाली उतरतं, म्हणून बसते." पंत म्हणाले, "मिस्त्री, दरबारी मुजऱ्याचे कारण तेल, हे आम्ही दप्तरी लिहावे?" मग हुकूम सुटला की, हुजुराची स्वारी आपल्या दारी येई तोवर रथाचे यंत्र बंद करूच नये, म्हणजे परक्या दारी तो बसणार नाही. महाराजांस उमगले नाही, परंतु सारे माना हालवीत होते म्हणोन त्यांनीही हालविली.

मार्गशीर्ष वद्य द्वितीयेस स्वारी पहाटेस निघाली. महाराज चक्रावर, शेजारी बाबाजान, मागील गादीवर राणीसरकार उशी घेऊन, आणि मागे जीपमध्ये विसोपंत हुकुमाची अंमलबजावणी पाहावयास. वाटेत फराळास थांबले, यंत्र चालू. पाण्यास थांबले, यंत्र चालू. घाटापाशी बाबाजान म्हणाला, "सरकार, छाती तापली तिची. घटकाभर निजू द्या." मागून पंत ओरडले, "समोर धर्मशाळा आहे! धर्मशाळेस मुजरा?" मग तैसेच चढले. आणि घाट उतरोन एका वाडीत शिरले तो काहीतरी फट् वाजले, आणि रथाखालून हिरवी धार लागली, आणि जो बसू नये म्हणोन इतके केले तो रथ वाडीच्या भर चौकात, तेलिणीच्या घाण्यापुढे, पोट टेकून बसला. घाण्याची मालकीण चंद्राक्का कंबरेवर हात ठेवोन बाहेर आली. "बया बया," म्हणाली, "ही कुणाची म्हस दारात बसली?"

माहेर चार कोस राहिले होते. बाबाजानाने फुटकी नळी पाहिली, आणि पेटीच्या भात्याचे कातडे आणि तार घेऊन ती बांधली. "शिवण धरली," म्हणाला, "पण तेल गेलं. डब्यात पेलाभर आहे. दुसरं यायचं तर समुद्रापलीकडून, फाल्गुन उलटेल." विसोपंत जीपमधून उतरले, तोंड उतरलेले, म्हणाले, "बाईसाहेब, हुकूम माझा होता. जीप हळू हाकतो. गाद्या घालतो." राणीसरकारांनी जीपकडे पाहिले, मग पुढील रस्त्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "पंत, तुम्ही हळू हाकाल. खड्डे हळू होतील का?" महाराज म्हणाले, "माघारी फिरू नये, पुढे जाऊ नये, मग करू नये ते काय उरले?" आणि सारे चौकात उभे राहिले. उन्हाची तिरीप सावकाश भिंतीवरून उतरत होती, आणि ते ऊन अनसाबाईंच्या अंगणातही तैसेच सरकत होते.

तेव्हां बाबाजान अडखळत म्हणाला, "एक आहे. घाण्याचं करडईचं तेल घातलं तर उठेल. चार कोस जाईल. पण ते तेल आत चिकटतं, गोळ्यांत, नळ्यांत. मग पुन्हा कधी उठणार नाही, सरकार. मला नीट करता यायचं नाही. कोणालाच यायचं नाही." महाराजांनी रथाचे नाकाडावरची धूळ पंच्याने पुसली, जेथे शेला घातला होता तेथे. राज्यात इतकी वर्षे महाराजांनी आपले ऐसे काही मागितले नव्हते. हा एकच लळा. राणीसरकार आतून म्हणाल्या, "स्वारींचा जीव आहे त्यात. मी सांगणार नाही, घाला म्हणून." महाराज म्हणाले, "तुम्ही सांगू नका. नको म्हणालात तरी मी ऐकणारच नाही." आणि चंद्राक्काकडून तेलाची चरवी स्वतः मागितली आणि स्वतःचे हाताने ओतू लागले, आणि बाबाजानाने चरवीस खालून हात दिला. चंद्राक्का म्हणाली, "हिला तेल पाजताय व्हय? लगीन हाय का बाळंतपण?" महाराज म्हणाले, "मलाही कळत नाही, अक्का. दोन्हींतले काहीतरी असेल."

रथ उठला. आधी मागून, मग पुढून, जडपणे, गुडघ्यावर हात टेकून म्हातारी उठते तैसा. आणि चार कोस ऐसा गेला की बाबाजान पुढे म्हणे, इतका मऊ तो कधीच चालला नव्हता. दुपार भर होती तेव्हां अंगणात शिरला. पंतांनी स्वतः पुढे होऊन म्हटले, "यंत्र बंद करा. बसू दे." बसला, तो उंबऱ्याइतका खाली, आणि राणीसरकारांस पाय नुसता बाजूस टाकावयाचा होता, उतरावयाचे नव्हतेच.

अनसाबाई उन्हात बाजेवर होत्या. म्हणाल्या, "गाडीचा आवाज आला नाही. कोण आहे?" बाईसाहेब जवळ गेल्या आणि बाजेवर टेकल्या. अनसाबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचे तोंड धरोन हातभर अंतरावर उन्हात केले आणि बहुत वेळ पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, "गोजरे, म्हातारी झालीस की गं."

"आणि तू कुठं पोरगी राहिलीस?"

"मला आरशातली मी दिसत नाही आता. म्हणून मी अजून पोरगीच."

"किती सुरकुत्या आहेत, मोज."

"मोजते की. ऊन आहे तोवर उठू नकोस."

आणि बाईसाहेब उठल्या नाहीत.

रथही पुन्हा उठला नाही. महाराज तीन दिवस राहिले आणि जीपमधून, दात आवळून, परत गेले. बाईसाहेबांस न्यावयास काही साधन राहिले नाही, आणि त्यांनी साधनाची चौकशीही केली नाही. महाराज दर पौर्णिमेस जीपने धक्के खात येतात आणि घटकाभर रथात बसून एकेक कळ दाबून पाहतात. काही होत नाही. मागील गादी कोंबडीने धरली आहे, तिला कोणी उठवीत नाही. विसोपंतांनी विचारिले, दप्तरी काय लिहावे, रथ बरवा की नादुरुस्त? महाराज म्हणाले, "दोन्ही लिहा." पंत म्हणाले, "दोन्ही लिहिता येत नाही, सरकार." मग रकाना कोराच राहिला. फाल्गुन वद्य षष्ठीस अनसाबाईंचा उजेड गेला. त्या दिवशीपासोन बाईसाहेब त्यांस दुपारचे ऊन कोठवर आले ते सांगतात.

सारांश इतकाच: रथ फरासिसांचा, रूपाने अपूर्व, प्रकृतीने नाजूक, कोणास हवा नव्हता, कोणास पुरता कळला नाही. चौदा कोस नेले, परत आणिले नाही. ज्यांस नेले, त्यांनी परत मागितले नाही. लेखनसीमा.