नदीच्या उतारांच्या वहीची हकीकत

श्री. पाण्याचा ठाव ज्या एकास ठाऊक त्यास दंडवत करोन लिहिले वर्तमान ऐसे जे, शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी, एका राज्यात गिरमाजी अनंत म्हणोन दफ्तरचे कारकून होते. नदी पायी कोठे उतरावी, पाणी किती, हे काठच्या लोकांस ठाऊक आणि परका वाटसरू बुडोन मरे, हे पाहोन त्यांनी मनी आणिले की सर्व उतारांची एक वही करावी, ज्यास जे ठाऊक त्याने ते कळवावे, चूक दिसेल त्याने दुरुस्त करावी, आणि मागेल त्यास नक्कल द्यावी, मालकी कोणाचीच नसावी. मग चौघे स्नेही मिळाले, साठ गावांहून चिठ्या आल्या, देवळोदेवळी नकला लागल्या, आणि दोन वर्षे मोठा उत्साह जाहला. मग एक स्नेही परमुलखी चाकरीस गेले, दुसरे संसारात गुंतले, उरले ते "तुम्ही आहांत ना" म्हणोन घरी बसले, गावांनीही लिहिणे सोडिले, आणि गिरमाजी एकटेच राहिले. चिठी आली तर तक्रारीची येई, आणि तिचेही उत्तर ते सविस्तर लिहीत, कारण त्यांशी बोलावयास दुसरे कोणी नव्हते.

पुढे पुराने वाळू हालली, पाणी बदलले, वहीत मात्र जुनेच राहिले, आणि वर्तमान आले की करंजउतारी 'गुडघाभर' ऐसे वाचोन एक फिरता कासार पाण्यात शिरला तो गेला. गिरमाजींस तीन दिवस अन्न गेले नाही. उरल्या स्नेह्यांचे घरी गिरमाजी गेले तो ते बोलिले, "वही बंद करा. हे करावयास तुम्हांस सांगितले कोणी?" गिरमाजी तेथोन उठले, आणि मग मापाची काठी घेऊन एकटेच उतारोउतार चालत निघाले.

करंजउतारी त्या कासाराची बायको गवराबाई खोपट घालोन राहिली होती, आणि येत्याजात्यास पाण्यात जाऊ देत नव्हती. काठी पाहोन बोलिली, "मोजून काय कराल? पाणी उद्या निराळे. त्या वहीत दिवस लिहिला असता, तर माझे धनी उतरलेच नसते."

गिरमाजी म्हणाले, "वही माझी, बाई. दिवस लिहिणे मज सुचले नाही."

बाईने त्यांस वरपासून खालपर्यंत पाहिले. मग म्हणाली, "पोहता येते?"

"नाही."

"काठी इकडे द्या. तुम्ही लिहा." आणि पाण्यात शिरोन तिने सांगितले, "येथे कमरभर. पुढे छातीभर. दिवस लिहिलात?"

"लिहिला."

तेव्हापासून दर आठवड्यास देवळाच्या गुरवाकडोन लिहविलेली तिची चिठी येई, दिवस आणि पाणी, आणि तिचे पाहोन इतर गावेही पुन्हा लिहिती जाहली. गिरमाजींनी क्षेम पुसले, क्षमा मागितली. उत्तरी दिवस आणि पाणी. ऐसी नऊ वर्षे गेली, आणि वहीच्या कामाखेरीज घरी दुसरे पत्र येत नसल्याने ते तिची प्रत्येक चिठी दोनदा वाचीत. दहावे वर्षी मार्गशीर्षात आली ती ऐसी : "वद्य तृतीया. पाणी मांडीभर. वहीची एक प्रत मजपाशी ठेवावी. तुमचे वय जाहले." ती मात्र गिरमाजींनी किती वेळां वाचिली याची गणती नाही. मग स्वहस्ते प्रत केली, आणि द्यावयास आपण गेले.

तात्पर्य, त्यांचे मागे वही गवराबाईने, गुरवाकडोन लिहवीत, चालविली. क्षमेचा शब्द तिने काढिला नाही, त्यांनी पुन्हा मागितला नाही. उभयतांचे नाव वहीत कोठे नाही. ऐसे वर्तमान कळले तितके लिहिले, उणे दिसेल ते वाचणाराने भरावे.