हौसाबाईचं पिंप आणि महाराजांचा पुतळा

एका जंगलात, जिथले प्राणी शुद्ध मराठी बोलत आणि जमेल तेवढं कामही करत, हौसाबाई नावाची एक अस्वलीण राहत होती. अस्वल म्हटलं की पोळं फोडायचं, मध ओरपायचा आणि सुजलेलं नाक घेऊन घरी यायचं, असा तुमचा समज असेल. तो आधी बदला. हौसाबाईनं मधमाश्यांना राहायला पेट्या करून दिल्या होत्या आणि मध काढायला तिच्याकडे यंत्र होतं.

यंत्र म्हणजे पत्र्याचं एक भलंमोठं पिंप. आत मधोमध उभा दांडा. दांड्याच्या दोन बाजूंना जाळीचे दोन पिंजरे आणि बाहेर फिरवायला मूठ. पिंजऱ्यांत मधानं भरलेली पोळी ठेवायची आणि मूठ गरागरा फिरवायची. मध जाळीतून सुटतो, पिंपाच्या भिंतीवर आपटतो आणि ओघळत ओघळत खालच्या तोटीतून बरणीत येतो. मेणाचं पोळं मात्र जसंच्या तसं राहतं.

असं का होतं? तुम्ही गोफण फिरवली आहे ना कधी? नसेल तर फिरवू नका, शेजाऱ्यांच्या खिडक्यांना काचा असतात. गोफणीतल्या दगडाला गोल फिरायचंच नसतं, त्याला सरळ जायचं असतं. आपण दोरी धरून त्याला वळवत राहतो. दोरी सुटली की स्वारी निघाली! पिंपातल्या मधाचं तेच. पोळ्याला जाळी अडवते. मधाला कोण अडवणार?

या यंत्राचा नियम एकच होता. समोरासमोर सारखं वजन. इकडच्या पिंजऱ्यात जेवढं जड पोळं, तेवढंच तिकडच्या पिंजऱ्यात. नाहीतर जड बाजू हिसके देते आणि पिंप नाचायला लागतं. नवीन होती तेव्हा हौसाबाई हे विसरली होती. पिंप उड्या मारत अंगण ओलांडून गेलं आणि तिला त्याच्या मागे धावावं लागलं.

त्या वर्षी डोंगरावर कारवी फुलली. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. माश्यांनी इतका मध आणला की पोळ्यांत टिपूसभर जागा उरली नाही.

राणीमाशी म्हणाली, "हौसामावशी, आज सांजेपर्यंत पोळी रिकामी करून दे. फुलं आठवड्याभरात गळतील. नवा मध ठेवायचा कुठं, माझ्या डोक्यावर?"

"देते गं बाई."

"आणि फोडून काढू नकोस हं. पोळी पुन्हा बांधत बसलो तर हंगाम गेला. मग आम्ही आपल्या पलीकडच्या जंगलात."

माश्या गेल्या तर ती करणार काय? या वयात पुन्हा झाडावर चढायचं? तिनं पटकन बाह्या सरसावल्या. (अस्वलाला बाह्या नसतात, हे मलाही ठाऊक आहे. मध्ये मध्ये बोलू नका.)

तेवढ्यात दारात चार लांडगे आले. "पिंप जप्त. महाराजांची आज्ञा."

झालं होतं असं. त्या जंगलाचे राजे होते महाराज आयाळसिंह. त्यांच्या दरबारात सगळेच मान डोलवत. महाराज 'दिवस आहे' म्हणाले तरी डोलवत, 'रात्र आहे' म्हणाले तरी डोलवत. यातले खरे कोण आणि पोकळ कोण, हे महाराजांना कळेना. त्यांनी प्रधानाला विचारलं. प्रधान होता चतुरपंत कोल्हा.

चतुरपंत म्हणाला, "अगदी सोपं आहे, महाराज. म्हशीच्या डेअरीत दूध फिरवून साय वेगळी काढतात. हत्तीच्या कारखान्यात साखर फिरवून मळी वेगळी काढतात. आपले वैद्य बगळे तर रक्ताची नळी फिरवतात. लाल ते खाली बसतं, पिवळं पाणी वर राहतं. मग दरबार फिरवला तर?"

"पोकळ वेगळे आणि भरीव वेगळे!" महाराज टाळी देत म्हणाले.

कोणते पाच दरबारी पोकळ निघणार, याची यादी चतुरपंतानं आदल्या दिवशीच तयार ठेवली होती. विज्ञानावर त्याचा इतका विश्वास होता.

पिंप राजवाड्यासमोर आलं. मागोमाग हौसाबाई आली. मूठ फिरवायचं कसब दुसऱ्या कुणाला नव्हतं.

ती हात जोडून म्हणाली, "महाराज, लवकर उरका. घरी मध खोळंबलाय."

"उरकू की! पण आधी उद्घाटन. ते आम्ही करणार. आत बसून."

आणि महाराज एका पिंजऱ्यात जाऊन बसलेसुद्धा. शेपटी बाहेर लोंबत होती, ती एका सशानं अदबीनं आत सारली.

"समोर कुणीतरी बसवा," हौसाबाई म्हणाली. "महाराजांच्या बरोबरीचं."

सगळे दरबारी दोन पावलं मागे सरकले.

"काय म्हणालीस?" चतुरपंत कडाडला. "महाराजांच्या बरोबरीचं? समोर? बसून? हा राजद्रोह आहे!"

खरंच होतं ते. त्या दरबाराचा रिवाजच तसा होता. महाराजांसमोर बसायचं नाही, बसलंच तर खाली बसायचं, आणि बरोबरीचं तर कुणी जन्मालाच यायचं नाही.

"अहो, राजद्रोह कसला? पिंप नाचेल त्याचं काय?" हौसाबाई रडकुंडीला आली. ऊन डोक्यावर आलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर रिकाम्या पेट्या दिसायला लागल्या. आणि अडली अस्वलीण काय न करी? तिला एकदम सुचलं.

"महाराजांच्या बरोबरीचे फक्त महाराजच ना? मग चौकातला पुतळा ठेवा समोर! महाराजांच्याच वजनाचा, भरीव पितळेचा आहे, असं खाली पाटीवरच लिहिलंय."

"वा!" महाराज म्हणाले. "समोर आम्ही, इकडे आम्ही. आमच्या तोलाचे आम्ही!"

सगळा दरबार डोलला. एक चतुरपंत तेवढा डोलला नाही. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. कारण तो पुतळा त्याच्या मेहुण्यानं केला होता.

"महाराज, पुतळ्याला... पुतळ्याला चक्कर येईल," तो चाचरत म्हणाला.

"आमचा पुतळा आहे. त्याला काही होत नाही. आणा!"

पुतळा आणायला सहा बैल पाठवले होते. दोन माकडंच तो डोक्यावर घेऊन उड्या मारत आली. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. हौसाबाईच्या आलं. ती म्हणाली, "महाराज, हा हलका वाटतोय हो. जरा तोलून..."

"आम्ही हलके?" महाराज गुरगुरले. "फिरव!"

राजाज्ञा ती राजाज्ञा. हौसाबाईनं देवाचं नाव घेतलं आणि मूठ फिरवली.

पहिल्या फेऱ्याला पिंप कुरकुरलं. पाचव्या फेऱ्याला ते डुगडुगलं. दहाव्या फेऱ्याला त्यानं एक पाय उचलला. मग ते धाड्धाड् उड्या मारत निघालं. दरबार पांगला. हौसाबाई मूठ धरून फरफटत होती. "सोडू का? धरू का?" ती ओरडत होती. आतून महाराजांची गर्जना येत होती, पण ती सारखी फिरत असल्यामुळे प्रत्येकाला थोडी थोडीच ऐकू आली.

शेवटी पिंप राजवाड्याच्या पायरीवर आदळून आडवं झालं. महाराज गडगडत बाहेर आले. पुतळा उडाला, खांबावर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. आतून कडबा बाहेर पडला. बैलांनी मान वळवून पाहिलं.

महाराज उठले, पडले, पुन्हा उठले. "चतुरपंत," ते म्हणाले, "तुम्ही चार का उभे आहात? एकानंच एवढा ताप होतो. आणि आमच्या पोटात कडबा कुणी भरला?"

आता आली का चतुरपंताची पंचाईत! हौसाबाईला वाटलं, सुटले बाई. दूध का दूध, पाणी का पाणी झालं. आता कोल्ह्याची शेपूट कापणार, मेहुण्याला उलटा टांगणार आणि मला पिंप देऊन घरी पाठवणार. पुढं होऊन ती म्हणाली, "महाराज, यंत्र चोख आहे. पुतळा पोकळ निघाला."

"धादांत खोटं!" चतुरपंताचा गेलेला रंग परत आला. "महाराज, पुतळ्याचं वजन अगदी बरोबर होतं. आपणच प्रमाणाबाहेर भरीव आहात. आपल्यासमोर डोंगर ठेवला असता तरी तो पोकळच ठरला असता."

महाराजांनी आयाळ झटकली. "हे आम्हालाही वाटलं होतं."

"मग दोष कुणाचा?" चतुरपंतानं विचारलं.

दरबाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आता पिंजऱ्यात त्यांचा नंबर होता. रानडुक्कर म्हणालं, "यंत्राचा!" गेंडा म्हणाला, "असलं यंत्र आपल्या परंपरेत नाही!" ससा म्हणाला, "त्यानं महाराजांची शेपटी चुरगळली!" इतकं एकमत त्या दरबारात आजवर झालं नव्हतं. चतुरपंताच्या यादीतले पाच जण तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते.

निकाल लागला. मेहुण्यानं दुप्पट उंचीचा नवा पुतळा करावा. यंत्र दोषी. ते ताबडतोब राजवाड्याच्या हद्दीबाहेर न्यावं. ते पुन्हा इकडे दिसलं तर हौसाबाईची खैर नाही.

"ताबडतोब?" हौसाबाईनं घाबरत विचारलं.

"या क्षणी!"

हौसाबाईनं मान खाली घातली. "फार कडक शिक्षा झाली, महाराज," ती म्हणाली आणि पिंप आडवं गडगडवत अशी पळाली की लांडगे मागे राहिले.

पिंपाला दोन पोचे आले होते. ते तिनं आतून बुक्की मारून काढले. पोळी पिंजऱ्यांत ठेवली, इकडे एक, तिकडे तेवढंच. मूठ फिरली. कारवीचा मध तोटीतून सुतासारखा उतरायला लागला. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं.

राणीमाशी तिच्या कानावर येऊन बसली. "काय गं मावशी, काय झालं दरबारात?"

"न्याय झाला."

"म्हणजे? जो पोकळ निघाला असेल, त्याचं काय झालं?"

"त्याचा दुप्पट मोठा पुतळा होणार आहे."

"आणि तू?"

"मी होय? मी दोषी," हौसाबाई खुशीत म्हणाली आणि तिनं बोट चाटलं.

तात्पर्य : कोण भरीव आणि कोण पोकळ हे दरबाराला कळणं मुळीच महत्त्वाचं नाही, ते कळल्यावर आपलं पिंप सांजेच्या आत परत मिळणं महत्त्वाचं. मुलांनो, हे नीट ध्यानात ठेवा. परीक्षेत मात्र 'खऱ्याला मरण नाही' असंच लिहा, कारण पेपर तपासणाऱ्यांनाही घरी जायचं असतं.