एकेचाळीस बाटल्या स्वच्छ पाणी

सामाजिक न्याय उन्हाळ्याच्या सुट्टीत एकवीस दिवसांत पुरा होतो, हे आता सर्वमान्य आहे (रविवार धरून, भोजनाची सोय स्वतंत्र). म्हणून १९८४च्या मे महिन्यात नाशकातल्या एका महाविद्यालयाने शिक्षकांसाठी 'पर्यावरण शिक्षण आणि दुर्बल घटक' असा वर्ग काढला. बेचाळीस शिक्षक दाखल झाले. त्यांतला दुर्बल घटक एकटा जयराम मास्तर, बाकीचे पर्यावरण.

जयराम पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. पाड्याला विहीर नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक झिरा आहे, त्यात वाटीवाटीने पाणी साचतं. विहिरीचा अर्ज तीन वर्षं कचेरीत पडून होता. वर्गप्रमुख म्हणाले, "मास्तर, आमचा अहवाल जोडा, विहीर मिळालीच समजा." जयराम हरखला. अभ्याससहल त्यानेच पाड्यावर नेली, बिचाऱ्याने!

सहलीचा नियम शास्त्रशुद्ध होता. प्रत्येकाने स्वतंत्र नमुना घ्यावा, बाटली गळ्यापर्यंत भरावी, लाखेने सील करावी. (अर्धी बाटली, अर्धे गुण.) एकाच झिऱ्याचे बेचाळीस नमुने कशाला, हे विचारायची सोय अभ्यासक्रमात नव्हती. बायांचे हंडे बाजूला सरकवून गुरुजन रांगेत उभे राहिले. शिस्त खरोखर वाखाणण्याजोगी.

जयरामची आई कुसाबाई पहाटेपासून झिऱ्यापाशी हंडा घेऊन बसलेली. ती म्हणाली, "आरं जयराम, समदा पानी यांनी बाटल्यांत भरला. आता पोरांना काय पाजू?"

"आये, जरा दम धर. विहिरीचं काम हाय."

वर्गप्रमुखांनी हा संवाद 'लोकसहभाग' या सदरात टिपून घेतला.

जयरामचा नंबर शेवटचा. त्याच्या बाटलीत निव्वळ चिखल आला, म्हणून 'नमुना अशुद्ध' असा शेरा मारून दहा गुण कापले. आई रिकामा हंडा घेऊन घरी गेली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अहवाल मात्र देखणा झाला: 'भर मे महिन्यात, एका सकाळीत, एकेचाळीस बाटल्या स्वच्छ पाणी उपलब्ध.' कचेरीने उलट टपाली कळवलं, की पाण्याची मुबलकता तज्ज्ञांनीच सिद्ध केल्यामुळे सदर पाड्यास विहिरीची आवश्यकता दिसत नाही. अर्ज निकाली.

पुढे त्या बाटल्यांचं प्रदर्शन भरलं. तुम्हीही आला होतात की, सहकुटुंब! लेबलं वाचलीत, हळहळलात, दोन-दोन पेले सरबत घेतलंत आणि अभिप्रायवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलंत, 'स्तुत्य उपक्रम. असे नमुने दरमहा आणावेत.'

सूचना मंजूर झाली आहे.